हॉस्पिटलचं बिल थकलं तर सिबिल खराब होतं का?

कन्नमवारनगर_विक्रोळी

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब आहे, पण आकडे दिल्याशिवाय कुणाला नीट सांगता येणार नाही म्हणून सगळं लिहिते.

बाबांना रात्री छातीत दुखायला लागलं. जवळच्या खासगी हॉस्पिटलात नेलं (नाव लिहीत नाही), दुसऱ्या दिवशी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट टाकला. आता ते बरे आहेत, सकाळी खाली चक्कर मारून येतात. बिल झालं ३ लाख १२ हजार. माझ्या ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत आईबाबा आहेत, कव्हर ३ लाखांचं, कॅशलेस. त्यामुळे निर्धास्त होतो. डिस्चार्जच्या संध्याकाळी टीपीएकडून (विमा कंपनीतर्फे क्लेम बघणारी संस्था) मंजुरी आली ती २ लाख ५ हजारांची. कारण काय, तर पॉलिसीत खोलीभाडं दिवसाला ३ हजारांपर्यंतच, आणि आम्हाला मिळालेली खोली साडेचार हजारांची. तीन हजारांची खोली त्या रात्री रिकामी नव्हती, हे मी तिथे सांगून दमले.

म्हणजे १ लाख ७ हजार आमच्यावर आले. २५ हजार भावाने नाशिकहून लगेच पाठवले. ५० हजारांसाठी बिलिंग काउंटरला लागूनच एक मुलगा टॅब घेऊन बसला होता. त्याने माझं आधार, पॅन घेतलं, दोन ओटीपी आले, "नो कॉस्ट ईएमआय आहे मॅडम, व्याज शून्य" म्हणाला. दहा हप्ते, पाच पाच हजारांचे. उरलेल्या ३२ हजारांसाठी हॉस्पिटलने छापील कागदावर माझी सही घेतली आणि माझ्या खात्याचा चेक घेतला. रक्कम घातलेली, तारीख नाही.

आता हॉस्पिटलच्या वसुलीवाल्यांचे फोन सुरू झालेत. परवा तर बाबांनीच फोन उचलला. "पैसे भरा, नाहीतर सिबिलला टाकू, आयुष्यात लोन मिळणार नाही" असं त्यांना सांगितलं. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांच्यामुळे आमचं घर अडणार, हे त्यांच्या डोक्यात बसलंय. आम्ही बदलापूरला वन बीएचके बघतोय, होम लोनचा अर्ज करायचाच आहे.

त्यात गेल्या महिन्यात पगार दोन दिवस उशिरा झाला आणि ५ तारखेचा हप्ता बाउन्स झाला. ७ तारखेला भरला, वर ५९० रुपये दंड. एका व्हिडिओत ऐकलं की ठराविक रकमेखालची मेडिकल बिलं क्रेडिट रिपोर्टमध्ये धरतच नाहीत. खरं काय? आधी काय भरू?

---

कर्जविभाग_दादर

ताई, बाबांना पहिल्यांदा हे वाचून दाखवा: हॉस्पिटल तुमचं सिबिल खराब करू शकत नाही. मी सहकारी बँकेत कर्जविभागात सगळी नोकरी केली, आता निवृत्त आहे. होम लोनच्या फाइली माझ्याच टेबलावरून जायच्या.

तुमच्यावर दोन वेगळी देणी आहेत आणि फोनवरचा माणूस त्यांची सरमिसळ करतोय. ३२ हजार हे हॉस्पिटलचं येणं. क्रेडिट इन्फर्मेशन कंपन्यांचा कायदा २००५ चा आहे. त्याप्रमाणे सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या चार कंपन्यांकडे माहिती जाते ती कर्ज देणाऱ्या संस्थांकडून: बँका, एनबीएफसी (बँक नसलेल्या फायनान्स कंपन्या), गृहकर्ज कंपन्या, क्रेडिट कार्डवाले. हॉस्पिटल यात येत नाही. त्यांनी कितीही मनात आणलं तरी तुमच्या पॅनवर एक ओळ चढवता येणार नाही.

५० हजारांचं मात्र तसं नाही. टॅबवाला मुलगा हॉस्पिटलच्या आवारात बसला होता, पण तो फायनान्स कंपनीचा. कंपनीने ५० हजार हॉस्पिटलला चुकते केले आणि कर्ज तुमच्या नावावर लागलं. व्याज बहुधा हॉस्पिटलच सोसतं, त्याला ते नो कॉस्ट म्हणतात. पण कर्ज ते कर्जच. रिपोर्टमध्ये कन्झ्युमर लोन किंवा पर्सनल लोन म्हणून दिसेल. बाबांना स्टेंट टाकायला घेतलं की घरात टीव्ही आणायला, हे त्या कागदावर कुठेच नसतं. मला हे नोकरीत असताना फार टोचायचं. समोरचा माणूस सांगतोय की साहेब, आई आयसीयूत होती म्हणून तीन हप्ते चुकले, आणि माझ्यापुढच्या रिपोर्टात फक्त ३०, ६०, ९० असे आकडे. आम्ही कारण लिहून वर पाठवायचो. कधी साहेब ऐकायचे, बरेचदा नाही.

ते आकडे म्हणजे हप्ता किती दिवस लटकला ते. डीपीडी म्हणतात. मागच्या ३६ महिन्यांचे चौकोन असतात, वेळेत भरलेल्या महिन्यात ००० किंवा एसटीडी (स्टँडर्ड, म्हणजे नियमित). नव्वद दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जात जमा. होम लोनवाला सगळ्यात आधी ही ओळ बघतो, स्कोअर त्यानंतर.

तुमचे दोन दिवस: पूर्वी माहिती महिन्यातून एकदा जायची, २०२५ च्या जानेवारीपासून रिझर्व्ह बँकेने निदान पंधरवड्याला पाठवायला लावली आहे, १५ तारखेची आणि महिनाअखेरची स्थिती. तुमचा हप्ता ५ चा, भरला ७ ला. १५ ला खातं साफ होतं, त्यामुळे तिथे ००० च यायला हवं. पण यायला हवं आणि आलं यात फरक असतो, म्हणून रिपोर्ट काढून बघा. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचाच आहे. त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच काढा, अ‍ॅपवाल्यांच्या नादी लागू नका. आणि फायनान्स कंपनीला मेल करून हप्त्याची तारीख १० करून मागा. नाही म्हणाले तर ४ तारखेला खात्यात पाच हजार असतील एवढं मात्र सांभाळाच.

आता चेकबद्दल, कारण तुमच्या सगळ्या हकिगतीत मला धोका दिसतो तो तिथे. सिबिलचा धाक पोकळ आहे, चेकचा नाही. हॉस्पिटलने तारीख घालून तो बँकेत टाकला आणि परत गेला, तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८ लागतं आणि ते फौजदारी आहे. परत गेल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत ते नोटीस देऊ शकतात, ती मिळाल्यावर पैसे भरायला तुम्हाला १५ दिवस. "तो सिक्युरिटी म्हणून दिला होता" हे म्हणणं कोर्टात दर वेळी टिकत नाही, आणि स्टॉप पेमेंट केल्यानेही सुटका होत नाही. म्हणून चेक ज्या खात्याचा आहे, ते खातं रिकामं ठेवू नका. आजच हॉस्पिटलच्या लेखा विभागाला मेल टाका: ३२ हजार अमुक हप्त्यांत देते, प्रत्येक भरण्याची पावती द्या, चेक परत करा. सगळं लेखी. फोनवर ठरलेल्याचा उपयोग नाही.

---

ठाकुर्ली_ईस्ट

व्हिडिओबद्दल: तो अमेरिकेतला असणार. माझी बहीण डॅलसला असते, तिच्या बाळंतपणाच्या बिलावरून आम्ही हे सगळं वाचलं होतं. तिकडे थकलेलं हॉस्पिटलचं बिल कलेक्शन एजन्सीकडे जातं आणि तिथून थेट क्रेडिट रिपोर्टवर. २०२२ मध्ये तिथल्या तीन क्रेडिट ब्युरोंनी (आपल्या सिबिलसारख्या कंपन्या) भरून झालेली बिलं काढून टाकली आणि न भरलेल्यांना एक वर्षाची मुदत दिली, २०२३ च्या एप्रिलपासून ५०० डॉलरखालची धरणं बंद केलं. सगळीच मेडिकल बिलं काढायचा सरकारी नियम २०२५ च्या जानेवारीत आला होता, तो जुलैत टेक्सासच्या कोर्टाने रद्द केला. इकडे यातलं काही लागू नाही. इकडे पाच हजारांचा हप्ता चुकला तरी नोंद होते.

---

मालाड_लिबर्टी_गार्डन

काका म्हणतात ते शंभर टक्के. फक्त एक भर घालतो, आमच्या घरातली.

मामेभावाने मामींच्या केमोसाठी क्रेडिट कार्डं वापरली. मामी गेल्या. वर्षभर त्याला काही सुधरत नव्हतं, पैसे थकत गेले. मग एका कार्डवाल्यांचा माणूस आला, "१ लाख ४० हजार आहेत, ६० द्या, विषय संपवू." त्याने उसने आणून ६० दिले. त्याला वाटलं, सुटलो. चार वर्षांनी दुकानासाठी कर्ज मागायला गेला तर रिपोर्टमध्ये त्या खात्यापुढे सेटल्ड, म्हणजे पूर्ण न भरता तडजोडीने मिटवलेलं. बँक म्हणाली, आधी उरलेली रक्कम भरून खातं क्लोज्ड करून आणा. तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली.

ताई, फायनान्स कंपनीकडून उद्या असा फोन आला तर भुलू नका. पूर्ण भरा आणि नो ड्यूजचं पत्र घ्या.

---

कन्नमवारनगर_विक्रोळी

काका, तुमचं पहिलं वाक्य बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी मोबाइल हातात घेऊन स्वतः पुन्हा वाचलं. खूप खूप आभार.

चेकचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. मेल पाठवला आहे. अजून एक विचारते. विम्याने जे कापलं त्याचं काही होऊ शकतं का? हॉस्पिटलवाले म्हणाले खोली वरची घेतलीत, आता इलाज नाही. ऑफिसातली एचआर पण तेच म्हणाली.

---

कर्जविभाग_दादर

विम्यातला मी जाणकार नाही, पण आकड्यांची सवय आहे म्हणून गणित करून बघितलं. खोलीभाड्याची मर्यादा ३ हजार, घेतलेली खोली साडेचारची, म्हणजे दोन तृतीयांश. ३ लाख १२ हजारांचे दोन तृतीयांश २ लाख ८ हजार. मंजूर झाले २ लाख ५ हजार. मधले तीन हजार हातमोजे, फाइल चार्ज वगैरे न मिळणाऱ्या बाबींचे असावेत. म्हणजे सबंध बिलाला सरसकट दोन तृतीयांशाची कात्री लावलेली दिसते. ते बरोबर आहे का, हे इथे कुणी विम्यातलं असेल तर सांगावं.

---

परळ_समाजसेवा

मी वैद्यकीय समाजसेविका आहे, ट्रस्टच्या हॉस्पिटलात. विम्याच्या कागदांशी रोजच गाठ पडते. काकांनी गणित अचूक धरलंय आणि ही कात्री चुकीची वाटते.

खोली मर्यादेच्या वरची घेतली की प्रमाणात कपात होते, हे खरं. पण कशावर? डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग अशा खोलीच्या दर्जाप्रमाणे बदलणाऱ्या खर्चावर. विमा नियामकाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे औषधं आणि कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट, तपासण्या या गोष्टींना प्रमाणातली कपात लावायची नाही. आयसीयूच्या भाड्यालाही नाही. स्टेंट हा इम्प्लांट. तो खोली कुठलीही घ्या, तेवढ्यालाच येतो, त्याच्या किमतीवर तर २०१७ पासून सरकारी कमाल मर्यादा आहे. मग त्याचे दोन तृतीयांशच का मंजूर व्हावेत?

हॉस्पिटलकडून तपशीलवार बिल घ्या, ओळ न् ओळ असलेलं. ते मागणं तुमचा हक्क आहे, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत लिहिलेलं आहे. टीपीएकडून मंजुरीपत्राबरोबरचा कपातीचा तक्ता मागा. दोन्ही शेजारी ठेवा आणि स्टेंट, औषधं, अँजिओग्राफी, रक्ततपासण्या यांच्यापुढे किती कापलंय त्याची बेरीज करा. मग टीपीएला नाही, थेट विमा कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाला लिहा आणि एचआरला कॉपी ठेवा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल आहेत, मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर. फी नाही, वकील लागत नाही. ग्रुप पॉलिसीची तक्रारही चालते.

जे मिळेल ते तुमच्या खात्यात येईल. पण ते पैसे येईपर्यंत ईएमआय थांबत नाही, हे लक्षात ठेवा. "क्लेम पेंडिंग आहे" असं सांगून हप्ते थांबवलेले लोक मी बघितलेत. फायनान्स कंपनीला तुमच्या क्लेमशी काही देणंघेणं नसतं.

इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक सांगते, कारण माझ्या खिडकीशी माणसं बहुतेक वेळा उशिरा येतात. सही झालेली असते, टॅबवर अंगठा उठलेला असतो, आणि मग कळतं की त्यांना पैसे भरायचीच गरज नव्हती. मुंबईतली कित्येक मोठी, चकचकीत हॉस्पिटलं धर्मादाय ट्रस्टची आहेत. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ एए आणि उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेली योजना यांप्रमाणे त्यांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्यायच्या असतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर पहिल्यात, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर दुसऱ्यात. तहसीलदाराचा दाखला किंवा रेशनकार्ड लागतं. काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही. तुम्हीच विचारा, "समाजसेवा विभाग कुठे आहे?" दाद दिली नाही तर वरळीला धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे.

दुसरी महात्मा फुले जन आरोग्य योजना. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, अँजिओप्लास्टी त्यात बसते. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, दाखल होताना रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथे जायचं. डिस्चार्ज होऊन पैसे भरून झाल्यावर या योजनेतून परतावा मिळत नाही, म्हणून वेळ महत्त्वाची. केईएम, सायन, नायर, कूपर ही पालिकेची हॉस्पिटलं तर आहेतच. रुग्ण हलवण्याच्या स्थितीत असेल तर तिथे हलवायचा विचार पहिल्या दिवशी करा, चौथ्या दिवशी नको.

---

कन्नमवारनगर_विक्रोळी

तक्ता आला. परळच्या ताई, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. स्टेंटवर कापलंय, औषधांवर कापलंय, एकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) कापलंय. मी आणि मिस्टर काल रात्री जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसलो. आयसीयू सोडूनच, नुसता स्टेंट, औषधं आणि तपासण्या धरल्या तरी कपात ४१ हजारांच्या वर जाते. हॉस्पिटलला द्यायच्या रकमेपेक्षा जास्त! विमा कंपनीला मेल गेला, एचआरच्या बाईंनी तक्ता बघितल्यावर स्वतःहून वेगळा मेल टाकला.

सिबिलचा रिपोर्टही काढला. ईएमआय पर्सनल लोन म्हणून दिसतंय, बाउन्सच्या महिन्यात ००० आहे. हॉस्पिटलचं नाव कुठेही नाही.

हॉस्पिटलने चार हप्ते मान्य केले, पण चेक शेवटच्या हप्त्यानंतर देऊ म्हणतात. वसुलीवाल्यांचे फोन थांबलेले नाहीत. आणि होम लोनचा अर्ज आता करू की थांबू?

---

कर्जविभाग_दादर

चेक आता देत नसतील तर निदान एवढं लेखी घ्या की चेक नंबर अमुक, रक्कम ३२ हजार, त्यापैकी इतके मिळाले, हप्ते सुरू असेपर्यंत तो बँकेत टाकणार नाही. मेलवर नुसतं "होय" आलं तरी चालेल. प्रत्येक हप्ता खात्यातून खात्यात, रोख नको.

फोनचं असं: सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायचा नाही, घरच्यांना धमकवायचं नाही हा नियम रिझर्व्ह बँकेचा आहे आणि तो बँका-एनबीएफसींना लागतो. हॉस्पिटलला लागत नाही. पण आजारातून उठलेल्या माणसाला फोन करून धमकावण्याचा अधिकार त्यांनाही नाही. मेलमध्ये लिहा की रुग्णाच्या नंबरवर फोन करू नये, व्यवहार माझ्याशी. तरीही आला तर तारीख-वेळेसकट पोलिसांत अर्ज द्या. अर्जाची प्रत हॉस्पिटलला पाठवली की बहुतेक वेळा तेवढ्यावर थांबतं.

होम लोनसाठी माझं मत: पाच हजारांचा चालू हप्ता असताना अर्ज केला तर नामंजूर होईल असं नाही, पण तुमची ऐपत मोजताना ते पाच हजार वजा धरतात आणि मिळणारी रक्कम तेवढी कमी होते. विम्याचे पैसे आले तर हॉस्पिटलचं आधी भागवा म्हणजे चेक हातात येईल, उरलेल्यातून आणि थोडी भर घालून हे कर्ज मुदतीआधी बंद करता येतं का बघा. बंद करायला काही आकार आहे का, ते करारपत्रात असतं. नो ड्यूजचं पत्र घ्या आणि महिनाभराने रिपोर्टमध्ये क्लोज्ड आलंय का तपासा. नसेल तर फायनान्स कंपनी आणि सिबिल दोघांकडे ऑनलाइन तक्रार करा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२४ च्या एप्रिलपासून लागू आहे. त्यानंतर अर्ज करा. आणि एका वेळी एकाच बँकेत करा. एजंट लोक एकाच दिवशी पाच ठिकाणी फाइल टाकतात, त्या पाचही चौकशा रिपोर्टवर उमटतात.

बदलापूरच्या घराचा बिल्डर थांबायला तयार नसेल आणि अर्ज आत्ताच करावा लागला, तर सोबत एक साधं पत्र जोडा: वडिलांची अँजिओप्लास्टी, अमुक रकमेचं कर्ज, सगळे हप्ते भरलेले, डिस्चार्ज समरीची प्रत सोबत. रिपोर्टात कारणाला जागा नसते, पण फाइलमध्ये असते. मी असताना अशी पत्रं वाचायचो.